बंडूजीचं उलटं पाणी

प्रेमदासनं खिशातून संत्र्याची साल काढली, नखाएवढा तुकडा मोडला आणि पुलावरून खाली पाण्यात टाकला. तुकडा आधी जागच्या जागी फिरला, मग डाव्या हाताला सरकायला लागला. प्रेमदासनं सात आकडे मोजले. तुकडा हातभर पुढे गेला होता. म्हणजे चालीचं पाणी होतं, आणि ते डावीकडे जात होतं. सकाळी तो पाण्याच्या सोबतीनं आला होता, तेव्हा परतायचं ते पाण्याच्या सामनं, धारेच्या विरुद्ध. उजवीकडे. इतका सोपा हिशेब.

घड्याळात अडीच वाजले होते. साडेचारला स्टेशनच्या पायऱ्यांवर हजर व्हायचं होतं. दोन तास म्हणजे रग्गड. त्यानं उरलेली साल खिशात घातली आणि उजव्या हाताच्या बोळात शिरला.

व्हेनिसला येणारे लोक हातात नकाशा धरून फिरतात. स्टेशनबाहेरच्या टपरीवर तो मिळतही होता, तीन युरोला. प्रेमदासनं तो उलटून पाहिला आणि परत ठेवून दिला. खिशात होते आठ युरो, आणि पोरगी आकांक्षा हिला काहीतरी न्यायचं कबूल केलं होतं. शिवाय पाट असताना नकाशा कशाला? तो बंडूजी पाटकऱ्याचा मुलगा होता. बंडूजीनं वडनेरच्या कालव्यावर बावीस वर्षं काढली. कोणाच्या वावराला कधी पाळी, पाटाचं कोणतं दार किती वीत उचलायचं, सगळं त्याच्या हातात. लहानपणी प्रेमदास त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मैलोन्‌मैल पाटाच्या काठानं हिंडला होता. तेव्हाच बापानं शिकवलं होतं, जाताना पाण्यासंगं जायचं, येताना पाण्यासामनं यायचं. गवताची काडी टाकून पाहायचं. पाट माणसाला हरवू देत नाही.

हिंगणघाटच्या गिरणीत प्रेमदास फिटर होता. गिरणीनं सुताचे कोन भरायचं नवं यंत्र घेतलं, ते इटलीतून येणार होतं, आणि ते शिकायला गिरणीनं दोघांना तीन आठवडे इकडे पाठवलं. एक प्रेमदास आणि दुसरे त्याच्या खात्याचे मास्तर, पिपरी मेघेचे वासुदेवराव. दोन हजार चार सालचा फेब्रुवारी. आज शेवटचा दिवस. सकाळी सामान घेऊन दोघं आगगाडीनं व्हेनिसला उतरले, कारण विमान इथूनच होतं, संध्याकाळी सातला. वासुदेवरावांचे गुडघे धरले होते. ते स्टेशनातल्या बाकावर बॅगांना पाय लावून बसले ते बसलेच.

"पासपोर्ट, तिकिटं माह्यापाशीच राहू दे," ते म्हणाले होते. "तू कुठी पाडून येशील. साडेचारले इथं, या पायरीवर. एक मिनिट थांबनार नाई मी, सांगून ठेवतो."

"येतो साहेब."

"आन् पाहून घे बरोबर. तुह्यासारख्याचंच गाव हाय हे, उलटपाण्या!"

प्रेमदास हसला. या नावाला तो अठ्ठावीस वर्षं असाच हसत आला होता. न हसावं तर लोक दुप्पट जोरानं म्हणतात, हे त्याला शाळेतच कळलं होतं.

नाव मुळात त्याचं नव्हतंच, बापाचं होतं. शहात्तर सालच्या रब्बीत अण्णाजींच्या वावराची पाळी होती. अण्णाजी म्हणजे वडनेरचे किराणा दुकानदार, आणि पाटाच्या पार शेवटाला त्यांचा गहू. पाळीच्या दिवशी पाणी काही त्यांच्या वावरात पोचलं नाही. पुढची पाळी पंधरा दिवसांनी. ऐन दाणे भरायच्या वेळी गहू वाळून गेला. अण्णाजींनी अर्ज दिला, चौकशी बसली, शाळेच्या पडवीत साहेबांची खुर्ची मांडली गेली. सगळ्या गावादेखत बंडूजी म्हणाला, "दार उघडंच होतं साहेब. पाणीच उलटं फिरलं."

हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. बंडूजीची नोकरी तेवढी वाचली, पण पाट सुटला. त्याला सिमेंटच्या गोदामावर चौकीदार म्हणून बसवलं आणि तिथूनच तो निवृत्त झाला. तेव्हापासून तो दुपारी कधी आडवा झाला नाही. मे महिन्यात सगळं गाव घोरत पडलेलं असायचं आणि हा माणूस ओसरीवर ताठ बसून. लोक म्हणायचे, बंडूजी वाट पाहून राह्यला, पाणी उलटं कधी येते त्याची.

पण प्रेमदासच्या मनात सलत होतं ते वेगळंच. त्याच साली शाळेत पोरांनी त्याला घेरलं होतं आणि आपली सुटका व्हावी म्हणून तो ओरडला होता, "माह्या बाप येडा हाय, मी नाई!" मागे वळून पाहिलं तर दारात बंडूजी उभा. प्रेमदासचं घरी राहिलेलं पुस्तक द्यायला तो आला होता. त्यानं ते पुस्तक पोराच्या हातात दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि सायकलवर बसून निघून गेला. घरी त्या गोष्टीचा त्यानं कधी उच्चार केला नाही. एक शब्द नाही! बोलला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर प्रेमदास कधीच मोकळा झाला असता.

आणि आता इटलीला निघताना म्हातारा एवढंच म्हणाला होता, "पाण्याचं गाव हाय म्हनते थे. तिथला पाटकरी कोन हाय, विचारून येजो."

तेवढं एक काम राहून गेलं होतं. सकाळपासून प्रेमदासनं पाण्याचे बोळ पाहिले, पाण्यात पाय सोडून उभी असलेली घरं पाहिली, होडीतून भाजी उतरवणारा माणूस पाहिला. दार मात्र कुठे दिसलं नाही. पाणी इतकं, आणि ते धरायला सोडायला एक दार नाही? शेवटाला असेल, म्हणून तो धारेसोबत चालत गेला होता. दुपारी एका विहिरीच्या चौथऱ्यावर बसून त्यानं पाव आणि मायनं बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा तळ खाल्ला. आकांक्षासाठी काचेची मासोळी घेतली. मासोळीवालीशी खुणांनी घासाघीस करण्यात आणि खाण्यात दोनेक तास कसे गेले, कळलं नाही. मग उठून त्यानं त्या पुलावर साल टाकली आणि उजवीकडे वळला.

तीन वाजले. सकाळी लागलेलं कोपऱ्यावरचं केशकर्तनालय आलं नाही. येईल, पुढे असेल. त्यानं आणखी एका पुलावर साल टाकली. पाणी समोरूनच येत होतं. म्हणजे वाट बरोबर होती. तो चालत राहिला.

सव्वातीनला एक बोळ थेट पाण्यात जाऊन संपला. ना पूल, ना काठ. एक मांजर पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होतं. तो मागे फिरला, दुसऱ्या बोळानं गेला, तोही एका भिंतीपाशी संपला. वर दोरीवर चादरी वाळत होत्या. खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता आणि माणूस म्हणून कोणी नव्हतं. भिंतींवर पिवळ्या पाट्या होत्या, त्यांच्यावर बाण होते, पण जे नाव लिहिलं होतं ते त्याच्या कामाचं नव्हतं. तीन आठवड्यांत त्याला स्टेशनचा इथला शब्द ठाऊक झाला होता, आणि तो कुठल्याच पाटीवर नव्हता. 'फेरोविया' एवढंच सगळीकडे. असेल कुठलं देऊळ नाहीतर बाजार.

पाण्याचा हात सोडायचा नाही, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं. माणसं चुकीची सांगतील, पाट्या कळणार नाहीत, पाणी खोटं बोलणार नाही. तो भराभर चालायला लागला. पूल चढायचा, साल टाकायची, पाण्यासामनं निघायचं. पुन्हा पूल, पुन्हा साल. घामानं आतला सदरा अंगाला चिकटला, वरून थंडी अशी की कान बधिर झाले.

पावणेचारला बोळ संपला आणि समोर एकदम उजेड आला. स्टेशन! तो जवळजवळ पळतच बाहेर पडला.

स्टेशन नव्हतं. समोर नुसतं पाणी होतं. लांबच लांब, करड्या रंगाचं, वेना नदीला पूर आला तरी इतकं नाही होत. पाण्याच्या मध्यावर विटांची भिंत घातलेलं एक बेट आणि त्या भिंतीआड उंच काळी झाडं. प्रेमदास गावाच्या बरोबर उलट्या टोकाला येऊन उभा होता.

भीती वाटली. चाळिशीला टेकलेला गडी, गिरणीत शंभर माणसांत बोलणारा, पण खरोखर भीती वाटली. पासपोर्ट नाही. तिकीट नाही. खिशात दोन युरोपेक्षा कमी. वासुदेवराव बोलल्याप्रमाणे निघून जाणार, आणि त्यांनी का थांबावं? त्यांचंही विमान होतं. पोलिसांनी धरलं तर काय सांगायचं, कोणत्या भाषेत? आणि गावात बातमी कशी जाईल, तेही त्याला दिसलं. बंडूजीचा पोरगा पाण्याच्या गावात हरवला. अण्णाजींच्या दुकानासमोर पुन्हा एकदा पोट धरधरून हसतील. म्हातारा ओसरीवर ताठ बसून ते ऐकेल.

काठावर एक सावळा माणूस गुलाबाची फुलं हातात धरून उभा होता. त्यानं प्रेमदासकडे पाहिलं.

"इंडिया?"

"हां भैया, इंडिया!" प्रेमदासला रडू यायचंच बाकी होतं. "स्टेशन किधर है? रेल्वे स्टेशन!"

"स्टेशन? आप तो एकदम उल्टा आ गए. मैं बांगलादेश का हूँ. नकशा नहीं है?"

"नहीं. मैं पानी देख के आया. सुबह पानी के साथ साथ गया, तो वापस पानी के सामने सामने—"

फुलवाला हसला. पण वडनेरचे लोक हसायचे तसं नव्हे. नव्या माणसाला समजावून सांगताना हसतात, तसं.

"पानी का क्या है भाईसाहब. छह घंटा इधर जाता है, छह घंटा उधर. सुबह जो पानी बाहर जाता था, वो दोपहर में अंदर आ रहा है. समंदर है ना."

"उलटा जाता है?"

"रोज."

"गेट कौन गिराता है?"

"कैसा गेट? कोई नहीं गिराता. अपने आप."

प्रेमदास त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. फुलवाल्यानं त्याच्या दंडाला धरून हलवलं.

"टाइम क्या है आपका?"

"साढ़े चार."

"अरे बाप रे! बोट से जाओ. टिकट है साढ़े तीन यूरो."

प्रेमदासनं खिशातली नाणी तळहातावर दाखवली. फुलवाल्यानं मान हलवली.

"तो फिर भागो. वो पीला बोर्ड देखो, फेरोविया. फेरोविया मतलब रेल. तीर पकड़ के भागो, पानी मत देखना."

प्रेमदास पळाला. इतका वेळ ज्या पाट्यांवरचं नाव तो देवळाचं समजत होता, त्या आता कोपऱ्याकोपऱ्यावर त्याची वाट बघत होत्या. पुलाच्या पायऱ्या चढताना छाती भरून येत होती, बोळात माणसं आडवी येत होती, एका बाईची पिशवी त्याच्या धक्क्यानं पडली, ती ओरडली, तो हात जोडून पुढे पळाला. चार वाजून दहा मिनिटं. वीस मिनिटं. एके ठिकाणी एकाच भिंतीवर दोन पाट्या, दोन्हींवर तेच नाव आणि दोन बाण दोन दिशांना! त्यानं कपाळावर हात मारला आणि माणसं जास्त होती त्या बाजूला धावला.

साडेचारला पाच कमी असताना तो एका पुलावर चढला आणि थांबला. खाली एका घराचं हिरवं दार होतं. दाराच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, खालचं लाकूड कुजलेलं. सकाळी स्टेशनवरून निघाल्यावर सालीचा पहिला तुकडा त्यानं इथेच टाकला होता. तो तुकडा त्या हिरव्या दारापासून दूर, गावाकडे गेला होता. हे त्याला पक्कं आठवत होतं.

थांबायला वेळ नव्हता. स्टेशन आणखी दहा-पंधरा मिनिटांवर असेल. तरी त्याचे पाय हलेनात. इथून गेलो तर परत कधी येणार? त्यानं खिशातला शेवटचा तुकडा काढला आणि खाली टाकला.

तुकडा फिरला. थोडा वेळ एका जागी राहिला. प्रेमदासच्या घड्याळाचा काटा सरकत होता आणि तो कठडा दोन्ही हातांनी धरून उभा होता. मग तुकडा हळूच निघाला, आणि हिरव्या दाराकडे गेला. थेट दाराकडे. पायरीला लागला, सुटला, आणि तसाच स्टेशनच्या दिशेला पुढे गेला.

तेच पाणी, तेच दार. कोणी हात लावला नव्हता.

"बाबा," प्रेमदास मोठ्यानं म्हणाला. शेजारून जाणारी दोन माणसं वळून बघायला लागली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. सारं गाव हसलं होतं, साहेब हसले होते, आणि तो स्वतः, पोटचा पोरगा, सगळ्यांपुढे त्याला येडा म्हणाला होता. तो पुन्हा पळत सुटला.

स्टेशनच्या पायऱ्यांवर पोचला तेव्हा पाचला दहा कमी होते. पायऱ्या माणसांनी भरलेल्या. वासुदेवराव दिसेनात. तो वरपासून खालपर्यंत धावला, नावानं हाका मारल्या, आणि मग पार कोपऱ्यातून ओळखीचा आवाज आला.

"मरशील तिकडंच! विमानतळाच्या दोन बसा सोडल्या मी तुह्यापाई! तिसरी पाच मिनिटांत हाय. काऊन बे, कुठी गेलता?"

दोन्ही हातांत दोन बॅगा, गळ्यात पासपोर्टची थैली, तोंड लालबुंद. एक मिनिट न थांबणारा माणूस वीस मिनिटं गुडघे चोळत उभा होता.

"साहेब, पाणी उलटं गेलं."

"काय?"

"इथचं पाणी. सकाळी तिकडं जात होतं, आता इकडं येऊन राह्यलं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. गेट नाई, काई नाई."

वासुदेवराव काहीतरी तिखट बोलणार होते. पण त्यांनी प्रेमदासचा चेहरा पाहिला आणि त्याची बॅग त्याच्यापुढे धरली.

"चाल, उचल," ते म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी त्याला उलटपाण्या म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रेमदास वडनेरच्या फाट्यावर बसमधून उतरला आणि घरी न जाता सरळ अण्णाजींच्या दुकानासमोर गेला. बॅग खाली ठेवली. ओट्यावर पाच-सहा जण बसलेले होते. अण्णाजी सत्तरी ओलांडलेले, गल्ल्यामागे चष्मा नाकावर घेऊन.

प्रेमदासनं सगळं सांगितलं. पूल, साल, हिरवं दार, काही सोडलं नाही. ओट्यावरचा निकेश म्हणून एक जण म्हणालाच, "थे त समुद्राचं झालं भाऊ. आपल्या पाटात कुठी समुद्र हाय?"

"मी कुठी म्हनलो समुद्र हाय? तुमी म्हनत होते, पाणी उलटं फिरतच नाई. फिरते. मी पाहून आलो."

कोणी हसलं नाही. अण्णाजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"मी अर्ज देला होता त्याच्यावर," ते म्हणाले. "माह्या गव्हाचं लई लागलं होतं मले. मंग तेव्हा बंडूजी खरं बोलला म्हनतो तू?"

"खरं बोलले."

"येतो मी त्याले भेटाले," अण्णाजी म्हणाले. "आजच येतो."

प्रेमदास घरी आला तो हवेत चालत. माय, मनकर्णाबाई, चुलीपुढे पीठ मळत होती. बाबा कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाटावर. पाणी सुटलं ना रब्बीचं. जाऊन बसते रोज." मग त्यानं दुकानातली हकीगत सांगितली. ऐकता ऐकता तिचा हात पिठात थांबला.

"साऱ्याइसमोर सांगतलं?"

"हो. साऱ्याइसमोर."

"आधी बापाले त विचाराचं होतं," ती म्हणाली आणि खाली मान घालून पुन्हा पीठ मळायला लागली.

बंडूजी पाटाच्या काठी बाभळीखाली बसला होता. बाजूला त्याचं जुनं दार, चाक गंजलेलं, दोन वीत उचललेलं. खालून पाणी खळखळत गव्हाकडे जात होतं. पोराला पाहून त्याचं तोंड फुललं. त्यानं सरकून सावलीत जागा केली.

"आला काय रे? काऊन, वाळून गेला तू. बस. तिथला पाटकरी कोन हाय मंग?"

"कोनीच नाई, बाबा." आणि प्रेमदासनं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "दुकानात सांगून आलो मी. अण्णाजी येतो म्हनले तुमाले भेटाले. आता कोनी काई म्हनत नाई तुमाले."

म्हातारा काठाकडे सरकला. त्यानं गवताची एक काडी तोडली आणि पाण्यात टाकली. काडी दारातून गेली, गव्हाकडे वळली, दिसेनाशी झाली.

"एकाच वाटेनं जाते हे," तो म्हणाला. "बावीस वर्सं पाह्यलं मी. एक डाव नाई फिरलं."

प्रेमदासला आधी नीट कळलंच नाही.

"मंग थे त्या दिवशी?"

"झोप लागली होती मले."

बाभळीवर होले घुमत होते. बंडूजी पाण्याकडे बघतच बोलत होता.

"तुले मोतीझिऱ्याचा ताप आला होता. हिंगणघाटच्या दवाखान्यात होता तू. तीन रात्री तुह्यापाशी बसलो, सकाळी सायकलनं डुटीवर. पाळीच्या दिसात सुटी नाई देत. याच झाडाखाली जरा पाठ टेकली. उठलो त दार पडेल होतं, वरच्या वावरवाल्या कोनंतरी पाडलं पाणी आपल्याकडं घ्याले, आन् अण्णाजीची पाळी सरून गेली होती."

"मंग तसंच सांगाचं होतं ना साहेबाले!"

"डुटीवर झोपलो म्हटलं असतं त घरी बसवलं असतं. दवाखाना सुरू होता तुह्या. पाणी उलटं फिरलं म्हटलं, त निस्ते हासले."

"मले काऊन नाई सांगतलं?" प्रेमदास त्याच्याकडे वळला. "इतके वर्सं. मले त सांगाचं!"

"तू म्हनला असता, माह्याच्यानं झालं. बारा वर्साचं पोरगं." बंडूजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला. "त्यापरीस बाप येडा बरा."

प्रेमदास खाली मान घालून बसला. पाटाच्या पलीकडे अण्णाजींचा गहू कमरेएवढा उभा होता. जरा वेळानं प्रेमदास उठायला लागला.

"जातो. अण्णाजीले खरं सांगून येतो."

"बस," बंडूजी म्हणाला. "सांगू. मीच सांगीन." मग त्यानं मातीवर दुपट्टा अंथरला, त्याच्या एका टोकाची घडी करून उशाला घेतली आणि डोळ्यांवर हात आडवा धरून लवंडला. "जरा पडतो मी. पाण्यावर लक्ष ठेवजो."

उन्हं कलायला लागली तरी तो उठला नाही. तोंड थोडं उघडं, श्वास सावकाश. प्रेमदास दाराजवळ सरकून बसला होता. मधूनमधून काडी टाकत होता. दार दोन वीत उघडं होतं, पाणी बरोबर जात होतं.

शेताच्या धुऱ्यावरून अण्णाजी येताना दिसले. हातात कागदात बांधलेला पेढ्याचा पुडा, आणि लांबूनच मोठ्यानं हाका. "बंडूजी! ओ बंडूजी!"

प्रेमदासनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, अण्णाजी. बाबा झोपले हाय."

अण्णाजी थबकले. त्यांनी बाभळीखालच्या माणसाकडे पाहिलं, मग गंजलेल्या चाकाकडे, मग आपल्या गव्हाकडे.

"पाटावर झोपले?" त्यांनी हळू विचारलं.

"हो," प्रेमदास म्हणाला. "पाण्यावर मी हाय."

अण्णाजींनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता बाभळीच्या दुसऱ्या अंगाला येऊन बसले.